मोठा बँडसॉ घरी आणताना : ताकद किती, गरज किती?

हौसेने सुतारकाम करणाऱ्याच्या मनात कधी ना कधी मोठ्या बँडसॉचा विचार येतोच. मात्र केवळ जास्त अश्वशक्तीची मोटर म्हणजे जास्त चांगले काम, हे समीकरण खरे नाही. यंत्राची चौकट, पाते, वीजजोडणी, भुसा, शेजार आणि कायदा या सर्वांचा हिशेब मांडल्यावरच हा निर्णय घ्यायला हवा.

पुण्या-नाशिकमधला एखादा जुना वाडा पाडला जातो, तेव्हा विटामातीचा ढिगारा ट्रकमधून निघून जातो. सागवानाच्या तुळया, खांब आणि चौकटी मात्र कोणी टाकून देत नाही. त्या जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे जातात आणि त्यांतली एखादी तुळई सुतारकामाचा छंद असलेल्या गृहस्थाच्या अंगणात येऊन पडते. वर्षानुवर्षे माळवदाचा भार सोसलेले, पूर्ण वाळलेले, घट्ट रेषांचे असे लाकूड आज नव्याने मिळणे कठीण असते. त्याच्या पातळ फळ्या पाडून पेटी, कपाटाची दारे किंवा नातवंडांसाठी पाळणा करावा, असा मनसुबा असतो. अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये छोटा बँडसॉ तयारच असतो.

प्रत्यक्षात तुळई यंत्राला लागते आणि दोन-तीन इंचांनंतर मोटरचा आवाज बसतो. पाते आखलेली रेघ सोडून एका बाजूला पळू लागते, करपलेल्या लाकडाचा वास येतो. फळी निघते ती एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ आणि मध्ये पोट आलेली. ‘आता मोठे यंत्र घेतल्याशिवाय गत्यंतर नाही’ हा विचार बहुधा याच क्षणी जन्माला येतो. तो काही वेळा बरोबर असतो. अनेक वेळा मात्र दोष यंत्राच्या आकारात नसून अन्यत्र असतो.

दोनशे वर्षांची कल्पना

बँडसॉची रचना ऐकायला अगदी साधी आहे. एकावर एक बसवलेली दोन चाके, त्यांवरून सतत फिरणारे पोलादी पट्टीचे बंद वेटोळे आणि मध्ये लाकूड ठेवण्यासाठी टेबल. इंग्लंडमध्ये विल्यम न्यूबेरी याने १८०८ मध्ये या कल्पनेचे एकाधिकारपत्र घेतले. परंतु पट्टीची दोन टोके टिकाऊ रीतीने जोडण्याची विद्या तेव्हा अवगत नव्हती. चाकांवरून प्रत्येक फेऱ्यात वाकणारी आणि पुन्हा सरळ होणारी पट्टी जोडावरच तुटे. ही अडचण सोडवली ती आन पोलँ क्रेपँ या फ्रेंच महिलेने. जोड देण्याची आपली पद्धत तिने १८४६ मध्ये नोंदवली आणि पुढे पॅरिसच्या पेरँ कंपनीने तिचे हक्क घेतले. त्यानंतरच बँडसॉ खऱ्या अर्थाने कारखान्यात आला.

आजही या यंत्राचे सगळे गुणदोष त्या पातळ, लवचिक पट्टीतच सामावलेले आहेत. पट्टी पातळ असल्याने लाकूड कमी वाया जाते आणि अरुंद पाते लावल्यास वळणेही कापता येतात. पण पातळ असल्यामुळेच ती वाकते, पिळते आणि रस्ता सोडते. मोठा बँडसॉ घेणे म्हणजे खरे तर या पट्टीला सरळ ठेवण्याची अधिक चांगली व्यवस्था विकत घेणे होय.

मोठे यंत्र नेमके कशासाठी?

खुर्चीच्या पायाचे वळण, खेळण्यांचे आकार, कमानी, गोल तबके अशी कामे छोट्या बँडसॉवर उत्तम होतात. त्यांसाठी सहा मिलिमीटर रुंदीचे पाते आणि एक अश्वशक्तीची मोटर पुरेशी असते. अशा कामांसाठी कोणी मोठे यंत्र घेत असेल, तर तो पैशांचा अपव्यय ठरतो.

मोठ्या यंत्राची गरज पडते ती मुख्यतः जाड लाकूड उभे धरून त्याच्या फळ्या पाडण्यासाठी. या कामात बँडसॉला घरगुती कार्यशाळेत तोड नाही. दहा इंची वर्तुळाकार करवतीची कापण्याची खोली जेमतेम ८० मिलिमीटर भरते. सहा इंची तुळई तिच्यावर चिरायची, तर एकदा एका बाजूने आणि मग उलटवून दुसऱ्या बाजूने कापावी लागते. शिवाय ती प्रत्येक कापाला सुमारे तीन मिलिमीटर लाकडाचा भुसा करते. बँडसॉच्या बाबतीत हाच काप साधारण सव्वा मिलिमीटरचा असतो.

हा फरक किरकोळ वाटेल. पण हिशेब केला तर चित्र वेगळे दिसते. रंधून चौरस केलेली १५० मिलिमीटर जाडीची तुळई आहे आणि तिच्या आठ मिलिमीटर जाडीच्या फळ्या पाडायच्या आहेत, असे समजू. वर्तुळाकार करवतीने १३ फळ्या निघतात, बँडसॉने १६. तीन फळ्या, म्हणजे एका छोट्या पेटीचे लाकूड, केवळ काप बारीक असल्याने वाचते. पुन्हा तसे न मिळणाऱ्या जुन्या सागवानाच्या बाबतीत या बचतीचे मोल अधिकच आहे. दुसरा लाभ सौंदर्याचा. एकाच ओंडक्यातून लागोपाठ निघालेल्या दोन फळ्या पुस्तकाच्या पानांसारख्या उघडून शेजारी ठेवल्या, की रेषांची नक्षी एकमेकींचे प्रतिबिंब होते. कपाटाच्या दारांना आणि तंतुवाद्यांच्या पाठीला ही शोभा हवी असते.

चौदा इंच म्हणजे काय?

बाजारात बँडसॉ दहा, बारा, चौदा, सोळा किंवा अठरा इंची म्हणून विकला जातो. हा आकडा चाकाच्या व्यासाचा असतो. पाते आणि यंत्राचा खांब यांमधील मोकळी जागा साधारण तेवढीच किंवा थोडी कमी असते. यंत्र किती उंचीचे लाकूड चिरू शकेल, हे मात्र त्यावरून कळत नाही. कापण्याची उंची हा स्वतंत्र आकडा आहे आणि फळ्या पाडणाऱ्याच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा. ओतीव लोखंडाच्या जुन्या धाटणीच्या चौदा इंची यंत्रांत ही उंची सहा इंच असते. काही नव्या चौदा इंची यंत्रांत ती दहा-बारा इंचांपर्यंतही मिळते.

ओतीव चौकटीच्या यंत्रांना एक जोडतुकडा मिळतो. वरचा आणि खालचा भाग यांच्यामध्ये सहा इंची लोखंडी ठोकळा बसवला, की कापण्याची उंची बारा इंच होते. त्याबरोबर पातेही लांब लागते. नेहमीच्या साडेत्र्याण्णव इंची पात्याऐवजी १०५ इंची पाते घ्यावे लागते. नव्या यंत्राच्या तुलनेत हा उपाय स्वस्त खरा. पण उंची वाढली तरी चौकटीचा ताठरपणा आणि मोटर जुनीच राहते. बारा इंची लाकूड त्या यंत्रात मावेल, ते सुखाने चिरले जाईलच असे नाही.

अश्वशक्तीचे गणित

घरगुती बँडसॉचे पाते मिनिटाला साधारण ९०० मीटर वेगाने धावते. फळ्या पाडण्याच्या पात्याला इंचामागे तीन दात असतात. सहा इंच उंचीच्या लाकडात एका वेळी १८ दात कापत असतात, तर बारा इंच उंचीच्या लाकडात ३६. लाकूड पुढे सरकवण्याचा वेग तोच ठेवला, तर उंची दुप्पट झाल्यावर दर सेकंदाला दुप्पट लाकडाचा भुसा करावा लागतो आणि मोटरवरचा भारही त्याच प्रमाणात वाढतो. शक्ती कमी असेल, तर माणूस लाकूड हळू सरकवतो. फार हळू सरकवल्यास दात कापण्याऐवजी घासू लागतात, पाते तापते आणि लाकूड करपते. चांगली मोटर वेगासाठी नव्हे, तर दातांना सतत योग्य खुराक देता यावा यासाठी हवी.

सर्वसाधारणपणे सहा इंचांपर्यंतच्या लाकडासाठी एक ते दीड अश्वशक्ती पुरते. दहा-बारा इंच उंचीचे कठीण लाकूड, म्हणजे शिसम, बाभूळ किंवा जुने सागवान, नियमित चिरायचे असेल तर दोन ते तीन अश्वशक्तीचा विचार करावा.

येथे जाहिरातीतील आकड्यांपासून सावध राहणे आवश्यक आहे. क्षणभर मिळणारी कमाल शक्ती ठळक अक्षरांत छापली जाते. सलग मिळणारी शक्ती बारीक अक्षरांत. याची शहानिशा करण्याचा सोपा मार्ग मोटरवरील धातूच्या पट्टीवर असतो. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. तीन अश्वशक्ती म्हणजे सुमारे २,२४० वॅट. मोटर २३० व्होल्टवर सात अँपिअर प्रवाह घेते असे पट्टीवर लिहिले असेल, तर ती आत घेते तीच शक्ती जास्तीत जास्त १,६१० वॅट होते. त्यातून सलग तीन अश्वशक्ती बाहेर पडणे केवळ अशक्य. हा गुणाकार दुकानातच करून पाहावा.

खरी ताकद चौकटीत

मोटरची चर्चा सगळेच करतात. ताणाची फारसे कोणी करत नाही. वस्तुतः सरळ कापाचे रहस्य पात्याच्या ताणात आहे. सैल तारेतून सूर निघत नाही, तसा सैल पात्यातून सरळ काप निघत नाही.

बारा मिलिमीटर रुंद आणि ०.६ मिलिमीटर जाड अशा साध्या कार्बन पोलादाच्या पात्याला योग्य ताण दिला, तर वरच्या चाकावर दोन्ही बाजू मिळून सुमारे १५० किलो वजनाइतका जोर येतो. २५ मिलिमीटर रुंद आणि ०.९ मिलिमीटर जाड अशा भारी पात्याला शिफारशीइतका ताण दिला, तर हाच जोर ८०० किलोच्या घरात जातो. म्हणजे दोन चाके एकमेकांपासून दूर ठेवणाऱ्या चौकटीने हा सगळा भार न वाकता सोसायचा असतो. हलक्या पत्र्याच्या चौकटीला ते जमत नाही. ताण देणारा स्क्रू कितीही पिळला, तरी चौकट वाकते, स्प्रिंग दबते आणि पाते सैलच राहते. अशा यंत्राला मोठी मोटर जोडणे म्हणजे बैलगाडीला ट्रकचे इंजिन बसवण्यासारखे आहे.

म्हणूनच यंत्र पाहताना आधी चौकट पाहावी. जाड पत्र्याचा बंद पोकळ खांब, जड ओतीव चाके, मजबूत टेबल आणि पात्याला टेबलाच्या वर व खाली आधार देणारे घट्ट गाइड यांचे मोल मोटरपेक्षा अधिक आहे. चाके मोठी असण्याचाही एक फायदा असतो. लहान चाकावर जाड पाते प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकते आणि लवकर थकून तडकते. मोठ्या चाकावर तेच पाते अधिक काळ टिकते.

आधी पाते बदलून पाहा

नवे यंत्र घेण्यापूर्वी जुन्याची परीक्षा घेणे शहाणपणाचे ठरते. यंत्राबरोबर आलेले पाते अनेकदा इंचामागे सहा किंवा त्याहून अधिक दातांचे असते. पातळ लाकडासाठी ते ठीक; जाड लाकडात मात्र दोन दातांमधील खोबण भुशाने भरून जाते. भरलेल्या खोबणीला आणखी भुसा घेता येत नाही, दात लाकडात शिरत नाही आणि मागून जोर दिल्यावर पाते बाजूला वळते. तेथे इंचामागे तीन दातांचे, यंत्राला पेलेल इतक्या रुंदीचे नवे पाते लावले, तर तीच मोटर वेगळीच वाटू लागते.

सागवान चिरणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या लाकडात सिलिकाचे सूक्ष्म कण असतात आणि ते पोलादी दातांची धार फार लवकर मारतात. एका बाजूची धार अधिक बोथट झाली, की पाते दुसऱ्या बाजूला पळते. फळीला पोट येण्याचे सर्वांत सामान्य कारण हेच. कार्बाइडचे दात असलेले पाते कितीतरी अधिक काळ टिकते. पण ते महाग असते आणि बहुधा जाड असल्याने त्याला ताण देऊ शकणारी भक्कम चौकट लागते. जुन्या तुळईत तर खिळ्यांचा धोका असतोच. एक लपलेला खिळा महागडे पाते क्षणात निकामी करतो. त्यामुळे चिरण्यापूर्वी हातातला धातुशोधक लाकडाच्या चारी बाजूंनी फिरवणे हा खर्च नव्हे, बचत आहे.

पाते बदलून, दोन्ही चाके एका रेषेत आणून, रबरी पट्ट्यांवर चिकटलेला भुसा खरवडून आणि गाइड नीट बसवूनही सहा इंची लाकूड सरळ चिरले जात नसेल, तर मात्र यंत्राची मर्यादा आली असे समजावे.

वीज : एकेरी फेज, दुहेरी विचार

तीन अश्वशक्तीची एकेरी फेजची मोटर पूर्ण भाराखाली १५ अँपिअरच्या आसपास प्रवाह घेते. सुरू होताना काही क्षण तर त्याच्या कितीतरी पट. गिझरच्या सॉकेटमध्ये पिन खुपसून असे यंत्र चालवणे धोक्याचे आहे. मुख्य बोर्डापासून स्वतंत्र, पुरेशा जाडीची तार, सुरुवातीचा झटका सोसणारा योग्य प्रकारचा एमसीबी, गळती ओळखून वीज तोडणारे उपकरण आणि खात्रीचे अर्थिंग एवढे तरी हवेच. भुसा ओढणारे यंत्रही त्याच वेळी चालणार असल्याने त्याचा भार धरावा लागतो आणि एकूण बेरीज घराच्या मंजूर भारात बसते का, हे परवानाधारक वीजतंत्रज्ञाकडून तपासून घ्यावे लागते.

स्विचकडेही बारकाईने पाहावे. वीज गेली आणि पुन्हा आली, की यंत्र आपोआप सुरू होता कामा नये. चुंबकीय स्टार्टर असेल, तर वीज परतल्यावरही बटण दाबल्याशिवाय मोटर फिरत नाही. अंधारात पात्यापाशी हात ठेवून उभ्या असलेल्या माणसासाठी हा साधा भाग जीवनमरणाचा ठरू शकतो.

अमेरिकेतून परतताना घरसामानाबरोबर बँडसॉ आणणारे मराठी कुटुंबही विरळा नाही. तेथील वीज ६० हर्ट्झची, येथील ५० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ नव्हे. त्यामुळे तेथली नेहमीची इंडक्शन मोटर येथे सुमारे एकषष्ठांशाने हळू फिरते आणि अधिक तापू शकते. अनेकदा येथील मोटर बसवून घेणेच श्रेयस्कर.

भुसा, आवाज आणि शेजार

लाकडाचा भुसा निरुपद्रवी आहे, हा आपल्याकडील जुना समज. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीचा समावेश माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला. नाकाची पोकळी आणि त्यालगतच्या पोकळ्यांच्या कर्करोगाशी तिचा संबंध आढळला आहे. सागवान आणि शिसम यांच्या धुळीने त्वचेला खाज आणि काहींना दम्यासारखा त्रासही होतो. खाली पडणारा जाड भुसा झाडूने गोळा होतो. डोळ्यांना न दिसणारी बारीक धूळ मात्र तासन्‌तास हवेत तरंगत राहते. मोठे यंत्र अधिक भुसा करते, म्हणून भुसा ओढणाऱ्या यंत्राचा खर्च बँडसॉच्या किमतीतच धरावा. चांगला मुखपट्टा त्याच्या जोडीला हवा, त्याच्या ऐवजी नव्हे.

आवाजाचा प्रश्नही शहरात गौण नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे रात्री दहा ते सकाळी सहा. बँडसॉ इतर सुतारयंत्रांपेक्षा शांत असला, तरी भुसायंत्रासह त्याचा आवाज बंद शेडबाहेर सहज जातो. दुपारच्या झोपेच्या वेळी तुळई चिरणाऱ्याला शेजारधर्माचे नियम कायद्याच्या आधी कळतात.

वजन आणि जागा हा तिसरा मुद्दा. चौदा इंची ओतीव यंत्र शंभर किलोच्या आसपास, तर अठरा इंची यंत्र दोनशे किलोच्या घरात किंवा वर जाते. सदनिकेच्या खोलीची फरशी साधारणपणे चौरस मीटरला दोनशे किलो भार गृहीत धरून आखलेली असते. वरच्या मजल्यावर, त्यातही बाल्कनीत, असे यंत्र ठेवण्यापूर्वी संरचना अभियंत्याचा सल्ला अनिवार्य मानावा. शिवाय सात फुटी फळी चिरायची, तर पात्याच्या पुढे सात आणि मागे सात फूट जागा मोकळी लागते. हे गणित अनेकांना यंत्र घरी आल्यानंतर सुचते.

शांत यंत्राचा फसवा स्वभाव

वर्तुळाकार करवत लाकूड उलट फेकू शकते. बँडसॉचे पाते लाकडाला खाली टेबलावर दाबते, त्यामुळे तो धोका येथे फारसा नाही. मात्र याच कारणाने माणूस गाफील राहतो. मोठ्या यंत्रात बारा इंच उंचीचे पाते उघडे असते आणि जोर दिलेला हात लाकूड संपल्यावर थेट पात्याकडे जातो. वरचा गाइड आणि आच्छादन लाकडाच्या जेमतेम वर, पाव इंच अंतरावर आणावे. शेवटचे काही इंच हाताने न ढकलता काठीने ढकलावे. गोल ओंडका तसाच टेबलावर ठेवून कधीही कापू नये. पाते त्याला फिरवते आणि त्याबरोबर हातही खेचला जातो. त्यासाठी ओंडका पक्का धरणारी लाकडी घसरपट्टी करून घ्यावी.

यंत्र चालू असताना हातमोजे, सैल बाह्या, ओढणी, हातातले कडे वर्ज्य. पाते गुंडाळताना वा उलगडताना मात्र हातमोजे आणि चष्मा हवेतच, कारण गुंडाळलेले पाते स्प्रिंगसारखे उसळते. बटण बंद केल्यावरही जड चाके बराच वेळ फिरत राहतात. पाते पूर्ण थांबेपर्यंत भुसा झटकायला हात पुढे करू नये.

कायद्याचे पान

महाराष्ट्रात लाकूड चिरण्याच्या यंत्राला एक वेगळी पार्श्वभूमी आहे. गोदावर्मन खटल्यातील ४ मार्च १९९७ च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेशातील सर्व विनापरवाना आरागिरण्या तातडीने बंद करण्यास सांगितले. जंगलतोड रोखायची तर लाकूड जेथे चिरले जाते त्या ठिकाणावर नियंत्रण हवे, ही त्यामागची भूमिका. पुढे २०१६ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने लाकूड-आधारित उद्योगांसाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. वैध मार्गाने घेतलेले चिरीव लाकूड, प्लायवूड आदी वापरणाऱ्या आणि बँडसॉ, रिसॉ किंवा ३० सेंटिमीटरपेक्षा मोठी वर्तुळाकार करवत न चालवणाऱ्या उद्योगांना त्यांतून वगळण्यात आले.

ही तत्त्वे उद्योगांसाठी आहेत. तरीही त्यांत बँडसॉ हा शब्द स्पष्टपणे आला आहे, याची जाणीव हौशी माणसाने ठेवायला हवी. स्वतःच्या घरासाठी चार फळ्या पाडणे आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचे ओंडके पैसे घेऊन चिरून देणे यांत मोठा फरक आहे. दुसऱ्या प्रकारात छंदाची आरागिरणी व्हायला वेळ लागत नाही. म्हणून मोठे यंत्र घेण्यापूर्वी स्थानिक वनपरिक्षेत्र कार्यालयाकडे लेखी विचारणा करावी. जुन्या लाकडाच्या खरेदीची पावती जपून ठेवावी. अंगणातले आंब्या-फणसाचे झाड तोडून फळ्या पाडण्याचा विचार असेल, तर नागरी भागात १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार आधी परवानगी लागते.

वखारीचा पर्याय

या सगळ्या हिशेबानंतर एक जुना पर्याय पुन्हा आकर्षक वाटू लागतो. पुण्याच्या भवानी पेठेतील टिंबर मार्केट असो वा नागपूरचे लकडगंज, शहरातील लाकूडबाजारांत परवानाधारक आरागिरण्या मिळतात. वर्षातून दोन-तीन तुळया चिरायच्या असतील, तर त्या तेथे नेऊन जाड फळ्या पाडून आणाव्यात आणि पुढचे बारीक काम घरच्या छोट्या बँडसॉवर करावे. आरागिरणीचा काप जाड असतो, चार फळ्यांमागे एखादी भुशात जाते, हे खरे. पण त्या फळीची किंमत यंत्र, वायरिंग, भुसायंत्र आणि अडलेली जागा यांच्या एकत्रित खर्चाशी ताडून पाहावी.

ज्याला दर महिन्याला फळ्या पाडायच्या आहेत, लाकडाच्या रेषा जुळवून काम करायचे आहे, तळमजल्यावर जागा आहे आणि विजेची नीट सोय आहे, त्याने मोठा बँडसॉ जरूर घ्यावा. त्याला हे यंत्र वर्षानुवर्षे साथ देईल. मात्र खरेदीचा क्रम लक्षात असू द्यावा : आधी काम, मग पाते, मग चौकट आणि सर्वांत शेवटी मोटर.

हौसेला मोल नसते असे म्हणतात. मोल नसेल, मोजमाप मात्र असते. लाकूड कापण्यापूर्वी दोनदा मोजणारा सुतार यंत्र घेतानाही दोनदा मोजतो, तेव्हा वाड्याच्या तुळईच्या सोळा फळ्या सरळ निघतात आणि मोजणाऱ्या हाताची दहा बोटेही शाबूत राहतात.